बोलणं गेलं, चालणं गेलं, गिटारही हातातून गेली. मग ८० व्या वर्षी ग्रॅमीच्या स्टेजवर जोनी मिशेल कशा गायल्या?

फेब्रुवारी २०२४ मधला ग्रॅमी सोहळ्याचा एक व्हिडिओ तुमच्याही फीडवर येऊन गेला असेल. मोठी नक्षीदार खुर्ची, तिच्यात बसलेल्या एक आजी, हातात काठी आणि आवाज अगदी खालच्या पट्टीतला. गाणं चालू असताना समोर बसलेले भलेभले स्टार डोळे पुसतायत.

त्या आजी म्हणजे जोनी मिशेल. वय ८० आणि ग्रॅमीच्या मंचावर गाण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. त्याच सोहळ्यात त्यांच्या लाईव्ह अल्बमला सर्वोत्कृष्ट फोक अल्बमचा पुरस्कारही मिळाला.

खाली कमेंट्समध्ये एकच शब्द फिरत होता, चमत्कार. शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण त्या खुर्चीपर्यंत यायला त्यांना जवळपास नऊ वर्षं लागली.

आधी, या जोनी मिशेल कोण?

जन्म ७ नोव्हेंबर १९४३, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातला. बालपण सॅस्कॅटून शहरात गेलं. गाणी स्वतः लिहायच्या, स्वतः चाल लावायच्या, गिटार स्वतः वाजवायच्या आणि अल्बमची कव्हरंही बहुतेक वेळा स्वतःच रंगवायच्या. १९७१ चा त्यांचा 'ब्लू' हा अल्बम आजही जगातल्या सर्वोत्तम अल्बमच्या याद्यांमध्ये वरच्या नंबरांवर असतो.

त्यांच्या लहानपणातली एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगतो. साधारण नवव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. त्यातून त्या उठल्या, चालायला लागल्या, पण डावा हात कमजोर राहिला. गिटारवर डाव्या हाताने तारा दाबायच्या असतात आणि नेहमीच्या पद्धतीतले अवघड कॉर्ड त्या हाताला झेपेनात. मग त्यांनी हात बदलायच्या ऐवजी गिटारच बदलली. तारा वेगळ्या सुरांना लावायच्या, म्हणजे कमी बोटांत भरलेला आवाज येतो. अशी पन्नासच्या आसपास ट्यूनिंग त्यांनी वापरली. समीक्षक ज्याला 'जोनीचा खास साउंड' म्हणतात, त्याच्या मुळाशी हा अधू हात आहे.

३१ मार्च २०१५ ला काय घडलं?

लॉस एंजेलिसच्या घरी त्या बेशुद्ध सापडल्या. तिथून थेट हॉस्पिटल आणि आयसीयू. निदान झालं ब्रेन अॅन्युरिझमचं.

मग इंटरनेटने नेहमीचं काम केलं. त्या कोमात गेल्याच्या बातम्या सुटल्या आणि त्यांच्या वेबसाईटला खुलासा करावा लागला. जूनमध्ये त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं की त्या बोलतायत, चालता मात्र अजून येत नाही आणि रोज थेरपी सुरू आहे. त्याच सुमारास जुने मित्र गायक डेव्हिड क्रॉस्बी यांनी मात्र बोलणं अजून आलेलं नाही, असं सांगितलं होतं. बाहेरच्या माणसाने नेमकं कशावर विश्वास ठेवायचा, असा प्रकार होता तो.

खरं चित्र २०२० मध्ये जोनींनीच एका मुलाखतीत सांगितलं. बोलणं आणि चालणं, दोन्ही गेलं होतं. लहानपणी पोलिओने जेवढं नेलं नव्हतं, त्याहून जास्त या आजाराने नेलं. चालायला त्यांना आयुष्यात पुन्हा एकदा शिकावं लागलं.

अॅन्युरिझम म्हणजे नेमकं काय?

सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरताना एखाद्या जागी रबर पातळ झालेलं असेल तर तिथे फुगा येतो. मेंदूतल्या रक्तवाहिनीचंही तसंच. भिंत एका ठिकाणी कमजोर होते आणि रक्ताच्या दाबाने तिथे छोटा फुगवटा येतो. बहुतेक वेळा हे मेंदूच्या तळाशी, जिथे वाहिन्यांना फाटे फुटतात, तिथे होतं.

दर शंभर प्रौढांमागे साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगवटा असतो, असा अंदाज आहे. आकडा वाचून घाबरू नका. यातले बहुतेक फुगवटे आयुष्यभर फुटत नाहीत आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण फुटला तर मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्त पसरतं. हा स्ट्रोकचाच एक प्रकार, आणि सगळ्यात घातक प्रकारांपैकी एक. कित्येक रुग्ण हॉस्पिटलपर्यंतही पोहोचत नाहीत.

धोका कोणाला जास्त? ज्यांना हाय बीपी आहे, जे सिगरेट ओढतात, ज्यांच्या जवळच्या नात्यात हा आजार झालाय. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त. जोनींनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे त्या वयाच्या नवव्या वर्षापासून सिगरेट ओढत होत्या.

उपचाराचे मुख्य मार्ग दोन. एक, कवटी उघडून फुगवट्याच्या मानेला छोटी क्लिप लावायची. दुसरा, जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी भरायची, म्हणजे तिथलं रक्त गोठून फुगवटा बंद होतो. पण तेवढ्यावर सुटका नसते. रक्तस्रावानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुढचे दहाएक दिवस मेंदूतल्या वाहिन्या आकसू शकतात आणि त्यातून आणखी इजा होते. म्हणून ऑपरेशन 'सक्सेसफुल' झालं तरी डॉक्टर नातेवाईकांना लगेच हो म्हणत नाहीत.

जाता जाता एक विचित्र योगायोग. जोनींचे मित्र नील यंग हेही कॅनडाचे, त्यांनाही लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्यांच्याही मेंदूत अॅन्युरिझम निघाला, २००५ मध्ये. फरक एवढाच की त्यांचा फुटण्याआधी सापडला. नळीवाल्या पद्धतीने उपचार झाले आणि त्याच वर्षी त्यांचा अल्बमही आला. त्यांचं काम काही महिन्यांत भागलं, जोनींना वर्षं लागली.

बोलणं गेलेला माणूस गातो कसा?

बहुतेक लोकांमध्ये भाषेचं काम मेंदूचा डावा भाग सांभाळतो. सूर आणि चाल यांत मात्र उजव्या भागाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे डाव्या बाजूला इजा झाली तर 'पाणी दे' एवढंही न म्हणता येणारा माणूस पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणू शकतो. स्ट्रोकनंतर बोलता न येणाऱ्या एखाद्या आजोबांनी आरती मात्र पूर्ण म्हटली, असं ऐकलं असेल तर त्यामागे हेच कारण असू शकतं.

याच निरीक्षणावरून १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी एक थेरपी मांडली. रोजची छोटी वाक्यं चालीत म्हणायची, सोबत डाव्या हाताने ठेका धरायचा आणि मग हळूहळू चाल काढून टाकायची. ती सगळ्यांना लागू पडत नाही. आणि गाणं म्हणता आलं म्हणजे बोलणं परत आलं, असंही नाही. पाठ असलेलं म्हणणं वेगळं, मनातलं नवं वाक्य जुळवणं वेगळं.

जोनींच्या बाबतीत गाणं परत आलं ते माणसांमुळे. गायिका ब्रँडी कार्लाइल आणि इतर मित्र त्यांच्या घरी जमू लागले. पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, हर्बी हॅनकॉक असे लोक दिवाणखान्यात बसून वाजवायचे. या बैठकांना 'जोनी जॅम' हे नाव पडलं. सुरुवातीला जोनी ऐकत बसायच्या. मग एखादी ओळ सोबत म्हणू लागल्या, मग पूर्ण गाणी.

गिटारचं काम जास्त कठीण होतं. त्यांची ट्यूनिंग त्यांचीच, त्यामुळे कुठलंही साधं पुस्तक उघडून शिकायची सोय नाही. मग त्यांनी इंटरनेटवर स्वतःचेच जुने व्हिडिओ लावले आणि बोटं कुठे ठेवायची ते बघून शिकल्या. स्वतःचीच विद्यार्थिनी होणं, तेही सत्तरी उलटल्यावर. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग हाच.

२४ जुलै २०२२ ला अमेरिकेतल्या न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलमध्ये, कुठलीही घोषणा न करता, त्या स्टेजवर आल्या. त्या मंचावर त्या आधी गायल्या होत्या १९६९ मध्ये. ७८ व्या वर्षी त्या उभ्या राहून इलेक्ट्रिक गिटारवर एक पूर्ण सोलो वाजवून गेल्या. ग्रॅमी मिळाला तो याच कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगला.

मग चमत्कार म्हणायचं की नाही?

म्हणा, पण हिशोबही बघा. रोजची थेरपी, चोवीस तासांची देखभाल आणि त्यासाठीचे पैसे जोनींकडे होते. आपल्याकडे डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना वाटतं आजार संपला, आणि फिजिओथेरपी, स्पीच थेरपी महिन्या-दोन महिन्यांत सुटते. कधी खर्चामुळे, कधी 'आता काय सुधारणार' म्हणून. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, पण त्यानंतर ती थांबतेच असं नाही.

आणि लक्षण ओळखणं तर आपल्याच हातात आहे. अचानक, क्षणात टोकाला जाणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी भयानक डोकेदुखी, सोबत उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं. यातलं काही दिसलं तर बाम चोळत किंवा गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रक्त पातळ करतात म्हणून ॲस्पिरिन तर मनाने देऊच नका, कारण रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. थेट १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या.

ग्रॅमीनंतर जोनी थांबल्या नाहीत. १९ आणि २० ऑक्टोबर २०२४ ला लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये त्यांचे सलग दोन रात्री कार्यक्रम झाले. सोबतीला दिवाणखान्यातली तीच मंडळी होती.