बिलात न दिसणारा दगड

एस्टिमेट. आमच्या धंद्यातला सगळ्यात बेभरवशाचा शब्द! क्लायंट विचारतो, "किती दिवस?" आपण काहीतरी आकडा सांगतो, मॅनेजर त्यातले चार दिवस कापतो आणि ते चार दिवस शेवटी टेस्टिंगमधून जातात. पण हा रोग फक्त सॉफ्टवेअरला आहे असं नाही. या वीकेंडचा विषय आहे उंच इमारती बाहेरून धुण्याचा हिशोब, आणि तोही पॅरिसचा. विषय कोरडा वाटेल (एवढं पाणी असूनही!), पण जरा धीर धरा.

तारीख २६ मार्च १८५२. लुई नेपोलियन तेव्हा फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष होता, सम्राट व्हायला अजून आठेक महिने होते. जुनं पॅरिस पाडून रुंद रस्ते काढणारा तो प्रसिद्ध ओस्मान तर अजून पॅरिसचा कारभारी झालेलाही नव्हता, तो आला १८५३ च्या जूनमध्ये. तर त्या दिवशी पॅरिसच्या रस्त्यांबद्दल एक हुकूम निघाला. त्यातलं पाचवं कलम असं, की घरांचे दर्शनी भाग कायम स्वच्छ ठेवले पाहिजेत, आणि पालिकेने सांगितलं की दहा वर्षांत निदान एकदा ते खरवडले, रंगवले किंवा चुन्याने सारवले पाहिजेत. न करणाऱ्याला जास्तीत जास्त शंभर फ्रँक दंड.

आता हे रिक्वायरमेंट डॉक्युमेंट म्हणून वाचून बघा. मुदत आहे, दंड आहे, जबाबदार माणूस कोण तेही लिहिलंय. पण काम कसं करायचं, ते मालकाच्या मर्जीवर. खरवडलं तरी चालेल! मग काय झालं असेल ते सांगायला नकोच.

पॅरिसच्या इमारतींचा दगड म्हणजे फिकट पिवळसर चुनखडी. खाणीतून काढला तेव्हा तो ओला आणि मऊ असतो. आतला ओलावा बाहेर येऊन सुकतो, आणि येताना विरघळलेला चुना पृष्ठभागावर आणून सोडतो. त्यामुळे दगडाला वरून एक कडक साल येते. फ्रेंच कारागीर तिला 'कालसँ' म्हणतात. ही साल म्हणजे दगडाचं चिलखत. आणि दगड खरवडायचं त्यांचं जुनं हत्यार म्हणजे पोलादी पाती बसवलेला लाकडी रंधा, ज्याचं नाव गमतीने 'रेल्वे' असं पडलंय. रंधा फिरला की काळेपणा जातो, भिंत नव्यासारखी दिसते आणि चिलखतही जातं. कोरीव नक्षीच्या कडा दर खेपेला थोड्या बोथट होतात. बिल मात्र फक्त मजुरीचं आणि परातीचं.

मुळात तो काळेपणा म्हणजे नुसती धूळ नव्हे. कोळशाच्या धुरात सल्फर डायऑक्साइड असतो. दमट हवेत तो चुनखडीशी खेळ करतो आणि वर जिप्सम तयार होतं. त्या जिप्सममध्ये काजळी अडकून काळी खपली बनते. जिथे पावसाचं पाणी थेट वाहतं तिथे ती टिकत नाही, तिथला दगड उजळ राहतो. छज्जाच्या खाली, मूर्तींच्या पोटाशी, खिडक्यांच्या कोनाड्यात ती साठत जाते. म्हणजे एकाच भिंतीवर हातभर अंतरावर दोन वेगळी कामं! तिथे चौरस मीटरला सरसकट एक दर लावणं म्हणजे 'प्रत्येक बगला दोन तास' म्हणण्यासारखं आहे.

पुढची उडी १९५९ ची. द गॉल सत्तेवर आला, नवं संस्कृती मंत्रालय निघालं आणि मंत्री झाला कादंबरीकार आंद्रे मालरो. त्याने नवा कायदा वगैरे करायच्या भानगडीत न पडता शंभर वर्षांपूर्वीचा तोच हुकूम कपाटातून काढला आणि सांगितलं, आता अंमलबजावणी. सरकारी वास्तूंपासून खाजगी घरांपर्यंत पॅरिस धुवायला लागलं. लूव्र, नोत्र दाम... सगळं हळूहळू उजळ झालं. ज्यांनी जन्मभर काळं पॅरिस पाहिलं होतं त्यांच्यातले काही खवळलेही. काळेपणा म्हणजे शहराचं वय, ते पुसताय कशाला, असं त्यांचं म्हणणं. या वादात मी मालरोच्या बाजूने आहे, पण त्याचं कारण सौंदर्य नाही. या मोहिमेत मोठ्या वास्तूंवर रंध्याऐवजी पाणी वापरलं गेलं, हे माझं कारण.

इथे खरी गंमत आहे. एक लिटर पाण्यात साधारण दोन-अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. चुनखडी त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही विरघळत नाही. म्हणजे नुसता बारीक फवारा तासन् तास चालू ठेवला तर खपली सैल होते आणि दगड जवळपास तसाच राहतो. जोर लागत नाही, वेळ लागतो. आणि वेळ म्हणजे परातीचं भाडं, माणसांचे रोज, अडलेला फुटपाथ. दुसरीकडे, आल्फ्रेड कार्चरने १९५० मध्येच गरम पाण्याचं हाय-प्रेशर मशीन बनवलं होतं. प्रेशर वाढवा, दिवस कमी होतात, कोटेशन खाली येतं. फरक कुठून भरून निघतो? दगडातून.

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने जुन्या इमारतींसाठी काढलेल्या पुस्तिका याबाबत अगदी स्पष्ट आहेत. सुरुवात १०० पीएसआय किंवा त्याहून कमी, म्हणजे सुमारे सात बारने करा, आणि गरज पडली तरी साधारण ३०० ते ४०० च्या वर जाऊ नका. आपलं गाडी धुवायचं छोटं मशीनही १०० बारच्या, म्हणजे १४५० पीएसआयच्या आसपास असतं! त्याच पुस्तिकांतलं प्लॅनिंगही वाचण्यासारखं आहे. आधी दगडांमधले उघडे सांधे बुजवा, नाहीतर पाणी भिंतीत शिरून आतलं लोखंड गंजवेल. थंडीचा धोका टळल्याशिवाय पाणी लावू नका, दगडाच्या छिद्रांत ते गोठलं तर पापुद्रे सुटतात. पाण्यात लोह असेल तर डाग पडतात. आणि आधी कोपऱ्यातल्या छोट्या तुकड्यावर प्रयोग करा. (थोडक्यात, प्रॉडक्शनवर थेट डिप्लॉय करू नका.)

राहिला प्रश्न पैसे कोणी द्यायचे. फ्रान्सच्या १९६५ च्या सहमालकी कायद्यानुसार इमारतीचे सामाईक खर्च प्रत्येकाच्या जागेच्या सापेक्ष मूल्याप्रमाणे वाटले जातात. दर्शनी भिंत सगळ्यांची, त्यामुळे ज्याची एकही खिडकी रस्त्यावर उघडत नाही तोही वाटा देतो. २०१७ पासून तिथे बहुतेक सहमालकांच्या संघांना वार्षिक बजेटच्या निदान ५ टक्के रक्कम कामांच्या फंडात टाकावी लागते. आपल्याकडेही महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के दरसाल, अशी तरतूद आहेच. मेंटेनन्सचं बिल बघताना ती ओळ आपण कधी वाचतो का, तो भाग वेगळा.

मध्यंतरी आमच्या सोसायटीत बाहेरून धुऊन रंग द्यायची तीन कोटेशनं आली होती. तिन्हींत चौरस फुटाचा दर ठळक अक्षरात. किती प्रेशरने धुणार, भेगा आधी भरणार की नंतर, नमुन्याची भिंत दाखवणार का, यावर एकातही अक्षर नव्हतं. मीटिंगमध्ये मी विचारलं तर एक काका म्हणाले, "अरे, पाणीच तर मारायचंय!" आमची इमारत सिमेंटच्या गिलाव्याची, तिला कालसँ नाही आणि नक्षीही नाही. तरी भेगेतून आत गेलेलं पाणी सळईपर्यंत पोचतंच.

पॅरिसचा तो दहा वर्षांचा नियम आजही कायद्यात आहे, दंड मात्र शंभर फ्रँकवरून ३७५० युरोपर्यंत गेलाय. मुदत चुकवली तर किती भरायचं हे १८५२ पासून लिहिलेलं आहे. घाईत धुऊन दगड झिजवला तर किती, ते त्या पाचव्या कलमात कधीच नव्हतं. तुमच्या सोसायटीत पुढचं कोटेशन आलं की दराच्या आधी पद्धत विचारा. सर्वात कमी दरवाला काय म्हणतो ते ऐकण्यासारखं असेल.