कोल्हापूर प्रकरणातील दिलगिरी

वृत्तपत्रात छापलेला मजकूर असत्य ठरला असता संपादकाने जाहीरपणे दिलगिरी व्यक्त करावी, हा प्रघात आज आपल्या अंगवळणी पडला असला, तरी मराठी पत्रव्यवसायाच्या बाल्यावस्थेत त्याची केवढी किंमत मोजावी लागली, याचे स्मरण मला नेहमी अस्वस्थ करते. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला. आणि पुरते वर्षही उलटले नाही तोच कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याच्या वार्तेने व्यथित झालेल्या टिळक-आगरकरांनी, दाखविण्यात आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून, संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर घोर आरोप करणारा मजकूर प्रसिद्ध केला. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद गुदरली, आणि ज्या दस्तऐवजांवर सारी भिस्त होती ते बनावट निघाले! महाराजांविषयीची कळकळ खरी होती. पण कळकळ हा पुरावा नव्हे, आणि म्हणूनच दोघांनी केलेली क्षमायाचना मला दुर्बलतेची नव्हे, तर सत्यनिष्ठेची वाटते. बर्व्यांनी मात्र फिर्याद मागे घेतली नाही. आपल्या लौकिकावर आलेले किटाळ न्यायासनासमोरच धुऊन निघावे, ही त्यांची इच्छाही अन्याय्य म्हणवत नाही. १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातील त्या १०१ दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे स्वतंत्र पुस्तकात लिहून ठेवली आहे.