पुड्याची किंमत आणि पंगतीचा हक्क

पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा स्वस्त असतो, असे आपण सगळे धरून चालतो. वस्तीतली आई सकाळी कामावर जाताना पोराच्या हातात पुडा देते, कारण स्वयंपाकाला वेळ नाही आणि गॅस महाग आहे. मग आरोग्यावर व्याख्याने देणारे लोक येतात आणि सांगतात, “गरिबांना खाण्यातले कळत नाही, पूर्वीचे सकस अन्न सोडून हे पाकिटातले खातात.” या वाक्यात दोन खोट्या गोष्टी आहेत. पहिली, आपल्या पूर्वजांना सकस अन्न मिळत होते ही. दुसरी, पाकीट ही आपली निवड आहे ही. दोन्हींचे उत्तर इतिहासात आहे.

‘पूर्वीचे अन्न’ म्हणजे कोणाचे? येसकर पाळीवरचा महार घरोघर फिरून भाकरी गोळा करायचा. कष्टाचा मोबदला म्हणून शिळेपाके पदरात पडायचे, मेलेल्या ढोराचे मांस वाट्याला यायचे. ज्या अन्नासाठी उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागते, ते कितीही ताजे असले तरी सकस नसते. म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच उष्टे आणि मृत मांस सोडण्याचा आग्रह धरला. अन्नाची खरी किंमत स्वाभिमानात मोजायची असते, हे त्यांनी तेव्हाच शिकवले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचले तर मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर तेल-तुपाशिवाय काय काय शिजत होते, ते समजते. तो जगण्याचा संघर्ष होता. आज त्याच ज्वारी-नाचणीला ‘सुपरफूड’ म्हणणाऱ्यांना तो दिसत नाही.

दुसरा मुद्दा निवडीचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी मिळाली. त्या अन्नाने जीव वाचवले, हे मान्य केले पाहिजे. पण भुकेल्या माणसाने काय खायचे हे दुसऱ्याने ठरवायचे, हीच रीत पुढेही चालली. हरितक्रांतीत सरकारचे पाठबळ प्रामुख्याने गहू आणि तांदळाला मिळाले, रेशनवरही तेच आले. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्या ताटात रेशन देईल तेच पडणार. डाळ, भाजी, अंडी बाजारातून आणायची आणि तिथे सगळ्यात कमी पैशांत पोट भरल्यासारखे वाटते ते पाकीट. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबांच्या खर्चातला धान्याचा वाटा ५ टक्क्यांच्या आत आला, तर पेये, फराळ आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा वाटा ९.६ टक्क्यांच्या घरात गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय आहे. हा रक्तक्षय एकट्या पुड्यांमुळे झाला असे मी म्हणत नाही. पण रक्त भरून काढायला लागते ते अन्न पुड्यात नाही, एवढे नक्की.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. १९९५ साली केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला ३ किलो कोरडे धान्य दिले जाई. धान्याची पिशवी घरी जायची, पंगत बसायची नाही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच गरम, शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. आणि मग जे घडले, ते पोषणापुरते नव्हते. एकाच खिचडीच्या भांड्याभोवती गावातल्या सगळ्या जातींची पोरे बसवावी लागली.

जात लगेच उघडी पडली. डॉ. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ साली पाच राज्यांतल्या पाचशेहून अधिक गावांच्या पाहणीवर आधारित अभ्यास मांडला. कुठे दलित मुलांना वेगळे बसवले जाते, कुठे दलित स्वयंपाकिणीला विरोध होतो, हे त्यात नोंदले आहे. त्याआधी एप्रिल २००४ मध्येच न्यायालयाने सांगितले होते की, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. ज्या हाताचे पाणी चालत नव्हते, त्या हाताचे अन्न आता कायद्याने गावाच्या पानात पडणार होते. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. वीस वर्षांनंतरही खिचडी जातीला टोचते, याचा हा पुरावा.

या पार्श्वभूमीवर २००७ च्या अखेरीस काय घडले ते पाहा. बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रे लिहिली: शिजवलेल्या जेवणाऐवजी मुलांना बिस्किटे द्या. अनेक खासदारांनी ती मागणी मनुष्यबळ विकास मंत्रालयापर्यंत नेली. स्वच्छ, सोयीचे, पोषणमूल्ये मोजून भरलेले, असा युक्तिवाद होता. राज्यांनी आणि आहारतज्ज्ञांनी विरोध केला आणि मागणी फेटाळली गेली. समजा, ती मान्य झाली असती तर? पुडा प्रत्येकाच्या हातात वेगळा पडला असता. पंगत संपली असती. दलित बाईची नोकरी गेली असती आणि ‘तिच्या हातचे चालेल का’ हा प्रश्न गावाला सोडवावाच लागला नसता. कंपनीचा हेतू नफ्याचा असेल, पण जातीला असा पुडा सोयीचाच असतो. त्याची ही किंमत पुड्यावर छापलेली नसते.

अंगणवाडीतही हेच. ऑक्टोबर २००४ मध्ये न्यायालयाने पोषण आहारासाठी ठेकेदार नकोत, असे बजावले. तरी आपल्याच महाराष्ट्रात घरी न्यायच्या पाकीटबंद आहाराचे मोठे ठेके वादात सापडले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. बचत गटाच्या बाईने गावात शिजवायचे की कारखान्याने पाकिटात भरायचे, हा हजारो कोटींचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी सहभोजनाला जातिअंताचा उपाय मानले नव्हते. बरोबर आहे. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले की एकत्र जेवल्याने जात मोडत नाही. पण सवर्णांनी वर्षातून एकदा उपकार म्हणून घातलेले जेवण वेगळे आणि सरकारच्या पैशाने, न्यायालयाच्या आदेशाने, रोज मिळणारे जेवण वेगळे. पहिल्यात आपण पाहुणे असतो, दुसऱ्यात हक्कदार. जात याने मोडणार नाही, पण जातीला रोज दुपारी उत्तर द्यावे लागेल.

आणि शिजवलेले जेवणही फुकटात स्वस्त होत नाही. केंद्राने २००९ साली ठरवलेले स्वयंपाकिणीचे मानधन महिन्याला १,००० रुपये होते, तेही वर्षातले दहाच महिने. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण तिला किमान वेतन लागू नाही. बाईच्या घामावर वाचवलेला पैसा हा सुद्धा छुपा खर्चच आहे आणि तो बहुतांशी आपल्याच आया-बहिणी भरतात.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शालेय आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला. हवी असतील तर शाळांनी लोकसहभागातून अंडी द्यावीत, असे सांगितले. अंड्यासारखे सरळ अन्न दुसरे नाही: कवचात ना साखर घालता येते, ना ठेकेदाराला भेसळ करता येते. तेच सरकारला परवडले नाही.

मित्रांनो, ‘पाकीट खाऊ नका’ असा उपदेश आईला करून काही होणार नाही. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत जाऊन बसा. स्वयंपाकीण कोण आहे, तिला पगार वेळेवर मिळतो का, पोरे एका रांगेत बसतात का, ते पाहा. अंगणवाडीत काय येते आणि कोणाच्या ठेक्यावर येते, याची माहिती अधिकारात मागणी करा. अंडी परत सुरू करण्यासाठी निवेदने द्या. आपल्या बापजाद्यांनी मागून खाणे सोडले. आपण हक्काचे ताट सोडायचे नाही.

जयभीम!