एनएफएस, फायरवॉल आणि दोन तासांचा आकडा

क्लस्टरवर काम करायला लागलात की हा प्रकार तुमच्याही वाट्याला येईल. टर्मिनल तसंच सोडून जेवायला जायचं, परत येऊन साधं 'एलएस' मारायचं, तर ते लटकून बसतं. खापर सर्व्हरवर फुटतं. खरा गुन्हेगार पुष्कळदा मधली फायरवॉल असते, आणि त्यामागे एक जुना आकडा आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५ मध्ये एनएफएस आणलं तेव्हा सर्व्हरने क्लायंटबद्दल शक्यतो काहीच लक्षात ठेवायचं नाही, असं ठरलं होतं. सर्व्हर पडून उठला तरी क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवणार. वाहतूक यूडीपीवरून, म्हणजे तुटायला कनेक्शनच नाही! पुढे टीसीपी आलं आणि कनेक्शनही आलं.

आता तो आकडा. समोरचा जिवंत आहे का हे तपासणारं टीसीपीचं 'कीपअलाइव्ह' १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये जरा नाखुशीनेच स्वीकारलंय. ते मुळात बंद असावं आणि चालू केलं तरी मूळ सेटिंग किमान २ तासांचं असावं, असा नियम. का? तेव्हा काही ठिकाणी पॅकेटमागे पैसे पडत. लिनक्समध्ये आजही ७२०० सेकंदच आहेत, बघा.

नव्वदच्या दशकात प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवणाऱ्या फायरवॉल आल्या. काही वेळ हालचाल दिसली नाही की त्या नोंद पुसतात, बहुधा कुणालाही न कळवता. दोन्ही टोकांना वाटतं कनेक्शन शाबूत आहे. सिस्कोच्या एएसएमध्ये ही मूळ मुदत १ तास. अनेक ठिकाणी काही मिनिटंच. २००८ च्या आरएफसी ५३८२ ने नॅटसाठी किमान २ तास ४ मिनिटं सांगितली, ती याच जुन्या आकड्यावरून. पण ऐकतो कोण?

गंमत म्हणजे एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर क्लायंटची नोंद ठेवतो. तिची मुदत, म्हणजे लीज, लिनक्स सर्व्हरवर मूळची ९० सेकंद. ती संपण्याआधी क्लायंट नूतनीकरण करतो, त्यामुळे लाइन फार वेळ शांत राहत नाही. १९८५ मध्ये जी नोंद मुद्दाम टाळली, तीच इथे कनेक्शन जागं ठेवते.

तेव्हा आधी ॲडमिनला फायरवॉलची मुदत विचारा. कीपअलाइव्हचा वेळ तिच्याहून कमी हवा, आणि नुसता कमी करून भागत नाही: ज्या सॉकेटने कीपअलाइव्ह मागितलंय, त्यालाच तो लागू होतो.