अंतराळयुद्धाचे जुने संगणकीय खेळ आणि साम्राज्याचे व्याकरण : वऱ्हाडच्या इतिहासाच्या संदर्भात एक निवड

प्रस्तावना

कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांना इतिहासाची साधने म्हणून मान्यता मिळून बराच काळ लोटला आहे. संगणकीय खेळांच्या वाट्याला मात्र ती मान्यता अद्याप आलेली नाही. विद्यार्थ्यांचा वेळ वाया घालविणारी वस्तू एवढ्याच दृष्टीने त्यांच्याकडे पाहिले जाते. काही खेळांच्या बाबतीत ही तक्रार खरीही आहे. परंतु 1962 ते 1999 या काळात अंतराळयुद्ध व व्यूहरचना या विषयांवर जे मोजके उत्कृष्ट खेळ निर्माण झाले, ते प्राध्यापकवर्गाने स्वतः खेळून पाहावेत अशा योग्यतेचे आहेत. व्यापार, अंतर, सत्ता व परतंत्रता यांविषयी निश्चित भूमिका त्यांच्या नियमांतच गुंफलेली आहे. पांढरकवड्यासारख्या, एकेकाळी कापसासाठी परक्या सत्तेच्या हिशेबवहीत नोंदल्या गेलेल्या प्रदेशातील वाचकाला ती भूमिका इतरांपेक्षा लवकर ओळखू येईल. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही खेळांची निवड केली आहे.

आरंभ : एक तारा, दोन याने

1962 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-1 या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ सिद्ध केला. याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यरत होता. म्हणजे यंत्र दोन्हीकडे होते. खेळण्याची चैन मात्र एकाच ठिकाणी परवडत होती. ‘स्पेसवॉर’मध्ये दोन याने परस्परांवर मारा करतात आणि मध्यभागी असलेला तारा दोघांनाही आपल्याकडे ओढत असतो. त्या ओढीचा उपयोग करून वेग मिळवणारा खेळाडू जिंकतो, तिच्याकडे दुर्लक्ष करणारा ताऱ्यात जाऊन पडतो. गंमत अशी की यानांवर गुरुत्वाकर्षण चाले, पण त्यांनी सोडलेल्या क्षेपणास्त्रांवर ते चालत नसे, कारण तेवढे गणित करण्याइतकी सवड त्या यंत्राला नव्हती. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना ही त्रुटी विद्यार्थ्यांकडून शोधून घेता येईल.

‘एलीट’ : वस्त्राचा भाव

या निवडीत सर्वाधिक विचार करावा असा खेळ ‘एलीट’ हा होय. केंब्रिज येथे शिकत असलेल्या इयन बेल व डेव्हिड ब्रेबेन या दोन तरुणांनी तो ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकासाठी लिहिला आणि 1984 च्या सप्टेंबरमध्ये तो प्रसिद्ध झाला. योगायोग असा की त्याच वर्षी भारत सरकारने शालेय संगणक साक्षरतेची ‘क्लास’ ही योजना हाती घेतली आणि तिच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 250 शाळांसाठी निवडलेले यंत्रही बीबीसी मायक्रोच होते. जे यंत्र येथे संगणक साक्षरतेचे साधन म्हणून आले, त्याच यंत्राच्या 32 किलोबाइट स्मृतीत तिकडे आठ आकाशगंगा मावल्या होत्या. प्रत्येकीत 256 ग्रह, म्हणजे एकूण 2048. एवढी माहिती साठविणे शक्यच नव्हते. म्हणून ग्रहाचे नाव, शासनपद्धती, लोकसंख्या व अर्थव्यवस्था हे सर्व एका अंकमालिकेतून दर वेळी नव्याने काढले जाई. बीज तेच असल्यामुळे ग्रहही तेच निघत.

खेळाडूच्या हाती आरंभी एक यान व शंभर क्रेडिट एवढेच भांडवल असते. एका ग्रहावर माल घ्यावा, दुसऱ्यावर विकावा, वाटेत चाच्यांशी लढावे आणि नफ्यातून चांगली शस्त्रे घ्यावीत, असा हा क्रम आहे. खरे महत्त्व आहे ते भावांच्या रचनेला. कृषिप्रधान ग्रहांवर धान्य व वस्त्रे स्वस्त आणि संगणक महाग, तर औद्योगिक ग्रहांवर नेमके उलट. शेतकी ग्रह कितीही वेळा माल विकून श्रीमंत होत नाही. श्रीमंत होतो तो मधल्या अंतराचा मालक असलेला जहाजवाला. हा नियम कोणत्याही अर्थशास्त्रीय ग्रंथातून उचललेला नसावा. दोन विद्यार्थ्यांना खेळ चालता ठेवण्यासाठी तो सुचला असावा. पण त्यातून निघणारे चित्र वऱ्हाडच्या इतिहासाचे आहे.

1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861-65) इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडी कापसाला अकस्मात भाव आला. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त हे स्वतंत्र पद निर्माण झाले व त्यावर हॅरी रिव्हेट-कार्नॅक याची नेमणूक झाली. 1867 साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे, म्हणजे लोकांची ‘शकुंतला’, मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठीच अस्तित्वात आली. कापूस कच्चा जाई व कापड तयार होऊन परत येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत या सुपीक प्रदेशातील माणसे अन्नावाचून मेली. त्यामागील कारणपरंपरा लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (1997) या ग्रंथात तपशिलाने मांडली आहे. वाणिज्य विभागाच्या विद्यार्थ्याने दोन तास ‘एलीट’ खेळून नंतर तो ग्रंथ हाती घेतला, तर व्यापारशर्ती म्हणजे काय हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. ‘एलीट’च्या मालयादीत गुलाम हीही एक वस्तू आहे. तिचा व्यापार बेकायदा मानला आहे, म्हणजे पकडले गेल्यास पोलीस-याने मागे लागतात. पण नफा चांगला मिळतो. खेळ उपदेश करीत नाही, भाव दाखवितो. हा तटस्थपणा अनेकांना खटकेल आणि खटकावा. परंतु खटकण्याची जागा खेळाडूच्या स्वतःच्या हिशेबात आहे, आणि तेच या खेळाचे वैशिष्ट्य होय. मूळ खेळाच्या धर्तीवर रचलेला ‘ऊलाइट’ हा मुक्त स्रोत खेळ आज विनामूल्य मिळतो व साध्या संगणकावरही चालतो.

‘मास्टर ऑफ ओरायन’ : रिकामा ग्रह

स्टीव्ह बार्सिया व त्याच्या सिमटेक्स या संस्थेने रचलेला ‘मास्टर ऑफ ओरायन’ 1993 साली आला. त्याचे पूर्वपरीक्षण लिहिताना ॲलन एमरिक याने या खेळप्रकाराला जे नाव दिले तेच पुढे रूढ झाले : ‘फोर एक्स’. शोध, विस्तार, दोहन आणि संहार या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांत ‘एक्स’चा उच्चार आहे, म्हणून हे नाव. एमरिकने ते कौतुकाने वापरले होते. वसाहतवादाच्या अभ्यासकाला त्यात एका संपूर्ण शतकाच्या कारभाराची अनुक्रमणिका दिसते.

खेळ म्हणून तो आजही अत्यंत देखणा आहे. येथे देखणेपण चित्रांचे नसून रचनेचे आहे. प्रत्येक ग्रहाचे उत्पन्न नौकाबांधणी, संरक्षण, उद्योग, पर्यावरण व संशोधन या पाच खात्यांत वाटावयाचे, एवढेच मुख्य काम. उद्योग वाढविला की प्रदूषण वाढते आणि ते साफ करण्यास पुन्हा खर्च येतो. ठरावीक काळाने आकाशगंगेची परिषद भरते व लोकसंख्येच्या प्रमाणात मते पडतात. दोन तृतीयांश मते मिळविणारा सम्राट होतो. निर्णय अमान्य करण्याची मुभा असते, पण मग सर्वांशी एकाच वेळी युद्ध करावे लागते. राज्यशास्त्राच्या वर्गात सामूहिक सुरक्षेवरील व्याख्यानाला याहून चांगला पूरक पाठ मिळणे कठीण.

या खेळात ग्रह बहुतांशी रिकामे असतात. तेथे कोणी राहत नाही, म्हणून ते घेण्यात अन्याय नाही, अशी ही सोयीची कल्पना आहे. 1996 च्या ‘मास्टर ऑफ ओरायन 2’ मध्ये मात्र काही ग्रहांवर मूळ रहिवासी आढळतात. वसाहत केली की ते आपोआप साम्राज्याचे प्रजाजन होतात, आणि नियमानुसार त्यांना फक्त शेतीच करता येते. संशोधन किंवा कारखानदारी त्यांच्यासाठी नाही. रचनाकारांनी हे दुष्टपणे केले असे मानण्याचे कारण नाही. खेळाचा तोल साधण्यासाठी तो नियम आला असेल. तथापि केळापूर तालुक्यात, जेथे कोलाम व गोंड राहत असलेले जंगल सरकारी दप्तरात राखीव म्हणून नोंदले गेले, तेथे हा नियम निरागसपणे वाचता येत नाही. हा खेळ टाळावा असे यावरून म्हणता येणार नाही. उलट याच एका नियमासाठी तो इतिहास विभागाने मुद्दाम खेळावा.

साम्राज्याच्या चाकरीत

1990 च्या ‘विंग कमांडर’ने चित्रपटासारखे कथानक आणले आणि त्याचा गाजावाजाही झाला, आज तो कुतूहलापुरता पाहावा. त्यापेक्षा लॉरेन्स हॉलंड व एडवर्ड किलहॅम यांचा 1994 चा ‘टाय फायटर’ कितीतरी सरस आहे. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वात घडणाऱ्या या खेळात खेळाडू बंडखोरांच्या बाजूने नसून साम्राज्याच्या सेवेत असलेला वैमानिक असतो. पहिले काम असते ते मालवाहू जहाजांच्या तपासणीचे. नंतर परस्परांशी लढणाऱ्या दोन लोकसमूहांमध्ये ‘शांतता’ प्रस्थापित करण्यासाठी साम्राज्याचे आरमार उतरते, आणि तपासणी, मध्यस्थी, बंदोबस्त असे करीत करीत त्या प्रदेशाचे स्वातंत्र्य संपते. 1798 साली निजामाने स्वीकारलेली तैनाती फौज, तिच्यामागून आलेले हैदराबाद कंटिन्जंट, त्याच्या खर्चाची थकबाकी आणि त्या थकबाकीपोटी गेलेला वऱ्हाड हा क्रम ज्यांनी वर्गात शिकविला आहे, त्यांना या मोहिमा खेळताना पुढे काय होणार ते आधीच कळेल. खेळाडूला प्रत्येक पायरीवर आपण व्यवस्था राखत आहोत असेच वाटत राहते. लढाईचे तंत्रही उत्तम आहे : यंत्र, तोफा व कवच यांत मर्यादित शक्ती सतत वाटावी लागते.

‘स्टार कंट्रोल 2’ : दास्याची परंपरा

पॉल राइकी व फ्रेड फोर्ड यांचा ‘स्टार कंट्रोल 2’ 1992 सालचा. बाह्यतः तो हलकाफुलका, विनोदी संवादांनी भरलेला खेळ आहे, परंतु याच निवडीतील सर्वांत गंभीर प्रश्न त्यात आहे. खेळाडू परततो तेव्हा पृथ्वी पराभूत झालेली असून एका लाल कवचाखाली बंदिस्त आहे. जिंकणाऱ्या उर-क्वान जमातीने पराभूतांना दोनच पर्याय दिलेले असतात : आमच्या सैन्यात लढा किंवा आपल्याच ग्रहावर कोंडून राहा. चौकशी करीत गेल्यावर कळते की ही जमात स्वतःच एके काळी भयंकर दास्यात होती, आणि पुन्हा कधीही कोणाच्या ताब्यात जायचे नाही या भीतीतून तिने इतरांना दास करण्याचा मार्ग पत्करला. तिचीच दुसरी शाखा त्याच भीतीतून सर्व जीवसृष्टीचा नाश करू पाहते. दोन शाखांमध्ये युद्ध चालू आहे, आणि खेळातील दिनदर्शिका थांबत नाही. खेळाडू फार रेंगाळला तर संहारवादी शाखा जिंकते व एकेक जमात नष्ट होत जाते.

शोषिताचा शोषक कसा होतो, याचे इतके स्पष्ट निरूपण लोकप्रिय करमणुकीत क्वचितच झाले असेल. मराठीत अंतराळाची कल्पनासृष्टी कथेच्या मार्गाने आली. जयंत नारळीकर यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, तो प्रसंग सुपरिचित आहे. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला या खेळातील संवाद वाचण्याजोगे वाटतील. रचनाकारांनी 2002 मध्ये त्याची मूळ आज्ञावली खुली केली व ‘द उर-क्वान मास्टर्स’ या नावाने तो विनामूल्य उपलब्ध झाला.

1999 चे दोन खेळ

रेलिक संस्थेचा ‘होमवर्ल्ड’ हा ताफ्याच्या व्यूहरचनेचा पहिला खऱ्या अर्थाने त्रिमितीय खेळ मानला जातो. मातृभूमीच्या शोधात निघालेल्या लोकांचा ग्रह पाठीमागे जाळला जातो, आणि उरलेले सर्व काही एका महाकाय नौकेत असते. एका मोहिमेत गमावलेले यान पुढच्या मोहिमेत परत मिळत नाही. त्यामुळे विजयही जपून मिळवावा लागतो. व्होलिशन संस्थेचा ‘फ्रीस्पेस 2’ विक्रीत अपयशी ठरला. 2002 मध्ये त्याची आज्ञावली खुली झाल्यानंतर हौशी अभ्यासकांनी तो जिवंत ठेवला. 1998 च्या ‘स्टारक्राफ्ट’विषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. दक्षिण कोरियात त्याचे व्यावसायिक सामने दूरचित्रवाणीवर दाखविले गेले, आणि 2017 पासून मूळ आवृत्ती विनामूल्य मिळते. पण त्यात हाताची चपळाई विचाराला फारशी सवड देत नाही.

या सर्व खेळांची एक व्यावहारिक बाजू महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रयोगशाळेत निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेल्या संगणकावरही यांतील बहुतेक चालतात. 1990 च्या दशकातील डॉसवर चालणाऱ्या खेळांसाठी ‘डॉसबॉक्स’ हे विनामूल्य साधन पुरते. ज्या विभागाला एकाच खेळाने आरंभ करावयाचा असेल त्याने ‘ऊलाइट’ घ्यावा, आणि विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला लढाई न शिकविता वहीत दोनच स्तंभ आखण्यास सांगावे : कृषिग्रहावरील वस्त्राचा भाव आणि औद्योगिक ग्रहावरील वस्त्राचा भाव.