लांब भिंग, थरथरता हात

निप्पॉन कोगाकू, म्हणजे आजची निकॉन, या जपानी कंपनीने १९६१ साली २०० ते ६०० मिलिमीटर पल्ल्याची एक झूम लेन्स बाजारात आणली. सोनीने २०१९ साली आणलेल्या एका लेन्सवरही नेमके हेच दोन आकडे आहेत. मधल्या ५८ वर्षांत पल्ला एका मिलिमीटरनेही वाढलेला नाही. तरीही पहिली लेन्स भक्कम ट्रायपॉडवर चढवल्याशिवाय फारशी कामाची नव्हती, आणि दुसरी खांद्याला अडकवून लोक भिगवणच्या डुलत्या होडीत बसतात. टेलिफोटो लेन्सचा इतिहास बहुधा पल्ल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी इतके जवळ दिसत होते, मग त्याहून जवळ दिसू लागले. मला तो त्यापेक्षा हाताचा इतिहास वाटतो.

हाताची अडचण आकड्यांतच पाहू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर. तिच्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर ५० मीटरवरची फक्त ३ मीटर रुंदीची जागा चौकटीत मावते. तिथे २० सेंटिमीटरचा बुलबुल बसला आहे असे धरू. शटर उघडे असताना हात एका अंशाच्या दहाव्या भागाइतका जरी ढळला, तरी पक्ष्याच्या ठिकाणी चौकट जवळजवळ ९ सेंटिमीटर सरकते. म्हणजे अर्धा बुलबुल. श्वास घेताना, बोट दाबताना, नाडीच्या ठोक्याबरोबर हात एवढा सहज हलतो. भिंग दूरची वस्तू जितक्या पटीने मोठी करते, तितक्याच पटीने ते हाताचे कंपनही मोठे करते. यातूनच छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा निघाला: ६०० मिलिमीटरला शटरचा वेग निदान १/६०० सेकंद हवा. पण वेग वाढवायचा तर प्रकाश हवा, जास्त प्रकाश घ्यायचा तर रुंद काच हवी, आणि रुंद काच जड असते. या तीन गोष्टींच्या ओढाताणीत सगळा विषय सामावलेला आहे.

पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंग ठेवले की लहान नळीतून मोठी प्रतिमा मिळते, हे केप्लरने १६११च्या ‘डायोप्ट्रिसे’ या ग्रंथातच मांडले होते. कॅमेऱ्यासाठी त्याचा नीट उपयोग व्हायला १८९१ साल उजाडले. त्या एका वर्षात लंडनचे थॉमस डॉलमायर आणि जर्मनीतले आडोल्फ मीठं व आडोल्फ श्टाइनहाइल या तिघांनी स्वतंत्रपणे टेलिफोटो भिंगे पुढे आणली. गंमत अशी, की या पहिल्या पिढीतल्या भिंगांत मागची अंतर्गोल काच पुढेमागे सरकवता येई आणि तिच्याबरोबर मोठेपणाही बदले. प्रत्येक वेळी फोकस नव्याने साधावा लागे, त्यामुळे त्याला आजच्या अर्थाने झूम म्हणता येत नाही. पण पल्ला बदलण्याची कल्पना टेलिफोटोबरोबरच जन्मली. एकाच मोठेपणाची बांधीव टेलिफोटो लेन्स उलट नंतर आली: जर्मनीतल्या बुश कंपनीची ‘बिस-टेलार’, १९०५ साली.

या भिंगांची किंमत प्रकाशात मोजावी लागे. प्रतिमा चौपट मोठी केली तर प्रकाश सोळापट कमी पडतो. तेव्हाच्या मंद काचपट्ट्यांवर याचा अर्थ कित्येक सेकंद शटर उघडे ठेवणे असा होई. म्हणून टेलिफोटोने सुरुवातीला डोंगर टिपले, मनोऱ्यांवरची शिल्पे टिपली. जे हलत नाही ते सगळे.

हलणाऱ्याचा ध्यास घेतलेला माणूस त्याआधीच होऊन गेला होता. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ साली ‘छायाचित्रांची बंदूक’ तयार केली. नळीत भिंग, मागे फिरणारी काचेची तबकडी, खांद्याला टेकवायला दस्ता. घोडा ओढला की सेकंदाला १२ चित्रे उमटत. मारेला पक्ष्याच्या पंखांची गती अभ्यासायची होती. तेव्हा नुकत्याच आलेल्या कोरड्या जिलेटिन पट्ट्यांमुळे एवढे कमी प्रकाशन शक्य झाले होते. त्याची चित्रे बारीक आणि धूसर असत, पण जडशी नळी स्थिर धरायची तर माणसाने शतकानुशतके बंदुकीसाठी घडवलेली ढब उपयोगी पडते, हे त्याने नेमके ओळखले. ही कल्पना पुढे पुन्हा पुन्हा वर आली.

पण पक्ष्यांचे छायाचित्रण मारेच्या वाटेने गेले नाही. ते घरट्याच्या वाटेने गेले. इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी कर्टन या बंधूंनी १८९२ साली घरट्यातल्या अंड्यांचा फोटो घेतला, १८९५ साली ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांचे पुस्तक काढले, आणि पुढे तर बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह बसण्यापर्यंत मजल मारली. याला वेड म्हणून हसण्याआधी त्यामागचा हिशेब पाहावा. कॅमेरा जड, पट्टी मंद, भिंगाचा पल्ला तोकडा. अशा वेळी पक्षी हमखास परत येईल अशी जागा एकच, घरटे. तिथे लपण बांधायचे, ट्रायपॉड रोवायचा, फोकस आधीच लावून ठेवायचा आणि वाट पाहायची.

आपल्याकडेही हेच झाले. ई. एच. एन. लोदर यांचे भारतातल्या पक्षी-छायाचित्रणाचे अनुभव सांगणारे पुस्तक १९४९चे; त्यात लपणातले तास आणि घरटी भरपूर आहेत. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर सोडून भारतात आलेले लोक वान थो हे सालिम अलींचे मित्र झाले, त्यांच्याबरोबर हिंडले, आणि १९५७च्या ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’मध्ये त्यांची चित्रे आली. ती आजही देखणी वाटतात, पण त्या काळातली पक्षिचित्रे सलग पाहू लागलो की एक गोष्ट खटकत राहते. चोचीत अळी घेऊन घरट्याशी आलेला पक्षी आपल्याला पुन्हा पुन्हा भेटतो. आकाशातला पक्षी क्वचित. एका पिढीची पक्ष्याविषयीची कल्पनाच कॅमेऱ्याच्या वजनाने ठरवली होती, असे म्हणायला हरकत नाही.

मद्रासचे एम. कृष्णन हे याला ठळक अपवाद. ते हत्तीवर बसून फोटो घेत आणि हत्तीच्या पाठीवर ट्रायपॉड रोवता येत नाही. वेगवेगळ्या यंत्रांचे भाग जोडून त्यांनी आपल्यापुरता एक कॅमेरा जमवला होता आणि त्याला ‘सुपर पॉन्डेरोसा’ असे थट्टेचे नाव दिले होते. नावातच त्याचे वजन आले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर बंदूक परत आली. जर्मनीतल्या नोव्होफ्लेक्स कंपनीने १९५६च्या सुमारास पिस्तुलासारखी मूठ असलेली लेन्स काढली. मूठ आवळली की फोकस सरके, त्यामुळे उडत्या पक्ष्यामागे फोकस हाताच्या एका दाबाने धावू लागला. सोव्हिएत रशियात क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने १९६५पासून ‘फोटोस्नायपर’ विकायला आणला: ३०० मिलिमीटरची ‘ताइर’ लेन्स, खाली रायफलीसारखा दस्ता आणि घोडा. त्याचा पूर्वज लष्करासाठी बनला होता. दोन्ही उपाय खरेखुरे चालणारे होते. मात्र ते हाताला आधार देत होते, कंपनावर इलाज करत नव्हते.

झूमला उशीर झाला तो काचांच्या संख्येमुळे. पल्ला बदलला तरी फोकस टिकायचा तर बऱ्याच काचा लागतात आणि प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. झाइस कंपनीत आलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधलेल्या लेपाने हा तोटा आटोक्यात आला. १९५९ साली फ्रँक बॅक यांची ‘झूमार’ ही ३५ मिलिमीटर स्थिरचित्रणाची पहिली झूम लेन्स आली, तीही ३६ ते ८२ मिलिमीटर, म्हणजे टेलिफोटोच्या उंबरठ्यावरची. दोनच वर्षांनी सुरुवातीला सांगितलेली २०० ते ६००ची निक्कॉर.

ती हातात धरून का चालत नव्हती, याचा हिशेब सोपा आहे. ६०० मिलिमीटरला तिचे छिद्र एफ १०.५. त्याच १९६१ साली आलेली कोडाक्रोम-२ ही रंगीत फिल्म २५ एएसए वेगाची. भर उन्हात, दुपारी, या जोडीला जेमतेम १/६० सेकंद मिळतो. ठोकताळा १/६०० मागतो. दहापट तूट. सकाळच्या कोवळ्या उन्हाची तर गोष्टच सोडा.

ही तूट तीन बाजूंनी भरली गेली. १९९५ साली कॅननने ७५ ते ३०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये कंपनरोधक बसवला. आतले सूक्ष्म जायरो हाताचे डुलणे मोजतात आणि काचांचा एक गट उलट दिशेला सरकवून प्रतिमा जागेवर ठेवतात. १९९८ साली हीच सोय कॅननच्या १०० ते ४००मध्ये आली, २००० साली निकॉनच्या ८० ते ४००मध्ये. दुसरी बाजू डिजिटल सेन्सरची: आज निर्धास्त वापरला जाणारा १६०० आयएसओ हा कोडाक्रोमच्या ६४ पट आहे. एकट्या या बदलाने १९६१ची तूट भरून वर उरते, म्हणून कंपनरोधकाला सगळे श्रेय देणे मला पटत नाही. तिसरी बाजू वजनाची. कॅननची १९९९ची ६०० मिलिमीटर एफ ४ लेन्स ५ किलो ३६० ग्रॅमची होती. २०१८ची तिसरी आवृत्ती ३ किलो ५० ग्रॅमवर आली. पण सामान्य हौशी माणसाच्या हातात ६०० मिलिमीटर पोचले ते टॅमरॉनच्या १५० ते ६००मुळे, २०१३च्या अखेरीस. तिचे वजन दोन किलोच्या आत. एफ ४ऐवजी एफ ६.३वर समाधान मानले की पुढच्या काचेचा व्यास १५० मिलिमीटरऐवजी ९५ पुरतो. पाठोपाठ सिग्मा, निकॉनची २०० ते ५००, सोनी, आणि २०२३ साली निकॉनची १८० ते ६०० आली.

आता या लेन्स तोलायच्या कशा? परीक्षणांत ट्रायपॉडवर लावून आलेखाच्या कागदाचे फोटो काढतात आणि कोपऱ्यातली तीक्ष्णता मोजतात. हातात धरण्यासाठी घेतलेल्या वस्तूची ही परीक्षा अपुरी आहे. कंपनरोधकाचे ‘चार स्टॉप’, ‘पाच स्टॉप’ हे आकडे हलत्या यंत्रावर, स्थिर लक्ष्य समोर ठेवून काढलेले असतात. हात स्थिर केला तरी पक्षी स्थिर होत नाही. उडत्या सुरयासाठी १/२००० लागतोच, आणि तिथे कंपनरोधकाचा उपयोग मुख्यतः चौकटीत पक्षी सापडावा इतकाच. याउलट सावलीत बसलेल्या घुबडासाठी तोच कंपनरोधक सर्वस्व. वजनाइतकाच तोलही पाहावा. टॅमरॉन-सिग्माच्या लेन्स झूम केल्यावर पुढे लांबतात आणि भार मनगटापासून दूर जातो. सोनीची २०० ते ६०० आणि निकॉनची १८० ते ६०० आतल्या आत झूम होतात, लांबी बदलत नाही. तीनेकशे ग्रॅम जड पण तोल न ढळणारी लेन्स अर्ध्या तासाने हलकी वाटते. शिवाय कडी किती फिरवावी लागते तेही महत्त्वाचे. १८० ते ६००ला सुमारे ७० अंश, म्हणजे मनगटाचा एक झटका. आलेखाच्या कागदाला याचा पत्ता नसतो.

कोणत्याही लेन्सला न सुटलेली गोष्ट म्हणजे तापलेली हवा. उजनीच्या पाण्यावर उन्हे चढली की दूरच्या रोहितांच्या कडा वितळू लागतात आणि ६०० मिलिमीटर ते वितळणे तेवढ्याच इमानाने मोठे करून दाखवते. तिथे जवळ जाणे किंवा पहाटे येणे, दोनच उपाय, आणि दोन्ही लोदरच्या काळचे.

घरट्यांचे मात्र बरे झाले. आज अनेक पक्षिमित्र मंडळी आणि स्पर्धा घरट्यावरचे फोटो स्वीकारत नाहीत. या नियमामागे पक्ष्यांविषयीची आस्था आहेच. पण घरट्याशिवायही फोटो मिळू लागला नसता, तर हा नियम इतक्या सहज पाळला गेला असता का, याची मला शंका आहे. कर्टन बंधूंना तो पाळायचा म्हटले असते तर कॅमेरा बैलाच्या कातड्यासकट घरी ठेवावा लागला असता.