पांढुर्णा आणि सौंसर : घाटाखालची दोन मराठी शहरे

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, महाराष्ट्राच्या सीमेला लागून वसलेली पांढुर्णा आणि सौंसर ही मध्य प्रदेशातील दोन नगरपालिका शहरे आहेत. 5 ऑक्टोबर 2023 रोजी अस्तित्वात आलेल्या पांढुर्णा जिल्ह्यात त्यांचा समावेश होतो. त्याआधी ती छिंदवाडा जिल्ह्यात होती. 2011 च्या जनगणनेनुसार पांढुर्ण्याची लोकसंख्या सुमारे 45 हजार, तर सौंसरची पंचवीस हजारांच्या आसपास होती. प्रशासन भोपाळचे आणि राजभाषा हिंदी असली, तरी घरातली बोली, सणवार आणि सोयरीक यांचा ओढा विदर्भाकडे आहे. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर अशा तलावांचे नागपूर हेच या भागाचे खरे मोठे शहर होय. उपचार, उच्च शिक्षण, घाऊक खरेदी आणि विमानप्रवास यांसाठी लोक तिकडेच जातात.

भूगोल आणि दळणवळण

छिंदवाड्याचे पठार आणि हा प्रदेश यांच्यामध्ये सिल्लेवानीचा घाट आहे. घाट उतरला की माती, पिके आणि भाषा तिन्ही बदलतात. जाम नदी पांढुर्ण्यातून वाहत पुढे कन्हान नदीला मिळते. कन्हानचे पाणी वैनगंगेमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात जाते.

पांढुर्णा हे इटारसी–नागपूर लोहमार्गावरील स्थानक असल्याने दिल्ली–चेन्नई या मुख्य मार्गाशी थेट जोडलेले आहे. नागपूर–बैतूल–भोपाळ महामार्गही येथूनच जातो. सौंसरची वाट वेगळी आहे. ते सावनेरमार्गे जाणाऱ्या नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर, नागपूरपासून सुमारे 70 किलोमीटरवर आहे. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज गाडी अनेक पिढ्या येथून धावत असे. ती 2015 मध्ये थांबली आणि पुढे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला. दोन्ही शहरे नागपूरशी अशी स्वतंत्रपणे जोडलेली आहेत. परस्परांशी त्यांचा व्यवहार त्या मानाने कमी राहिला, याचे हेही एक कारण आहे.

सीमा कशी ठरली

1956 पर्यंत हा सारा मुलूख जुन्या मध्य प्रांताचा, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशाचा भाग होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा एकूणात हिंदीभाषक असल्याने मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेकडील मराठी सौंसर तहसीलही त्याच्याबरोबर तिकडेच राहिली. पुनर्रचनेत सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला गेल्याचा हा परिणाम. राजधानी सत्तर किलोमीटरवरून थेट भोपाळला गेली. बाजारपेठ मात्र होती तेथेच राहिली.

या दुहेरीपणाच्या खुणा रोजच्या शब्दांत दिसतात. सीमेपलीकडे तालुका, तलाठी आणि नगरसेवक. अलीकडे तहसील, पटवारी आणि पार्षद. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीलाही शासकीय व्यवहारात वापराची तरतूद मिळाली. मध्य प्रदेशात तशी तरतूद नाही. तेथील मराठी भाषकांसाठी आधार आहे तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 अ चा. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याची अपेक्षा हा अनुच्छेद राज्य आणि स्थानिक संस्थांकडून ठेवतो.

संत्रे, कापूस, मँगनीज

काटोल, नरखेड, वरूड हा विदर्भाचा संत्रापट्टा राज्याच्या सीमेवर थांबत नाही. तो तसाच पांढुर्णा–सौंसरच्या काळ्या जमिनीत पुढे जातो. आंबिया आणि मृग असे दोन बहार येथेही घेतले जातात. जोडीला कापूस आहे. बागायत मुख्यतः भूजलावर उभी असल्याने पावसाचा एक कमी हंगामही बागायतदाराला जड जातो. सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कापड कारखाना आहे.

भूगर्भशास्त्रात सौंसरचे नाव जगभर परिचित आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा परिसरातील मँगनीजधारक प्राचीन खडकांना ‘सौंसर समूह’ म्हणतात. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार येथे सापडलेल्या एका मँगनीज खनिजाला भूवैज्ञानिक फर्मोर यांनी ‘सीतापाराइट’ असे नाव दिले होते. ते खनिज बिक्सबाइटच असल्याचे पुढे सिद्ध झाले.

गोटमार आणि जाम सावळी

पांढुर्ण्याचे नाव देशभर पोचले ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव असे उभे राहून झेंड्यासाठी परस्परांवर दगडफेक करतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत असता दोन्ही गावांनी दगड उचलले, अशी आख्यायिका सांगितली जाते. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात आणि आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, जमावबंदीचे आदेशही काढले. प्रथा थांबली नाही. श्रद्धा आणि जीविताची सुरक्षा यांतला हा पेच अद्याप सुटलेला नाही.

सौंसरजवळच्या जाम सावळी येथे निद्रिस्त मुद्रेतील हनुमानाचे मंदिर आहे. मध्य प्रदेशाबरोबर विदर्भातूनही तेथे भाविकांची मोठी रीघ असते. येथे ‘हनुमान लोक’ हा विकासप्रकल्प हाती घेण्यात आला असून, त्याच्या भूमिपूजनाच्या वेळीच, ऑगस्ट 2023 मध्ये, नव्या जिल्ह्याची घोषणा झाली.

नव्या जिल्ह्याचे ओझे

दोन्ही शहरांचा कारभार मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, 1961 नुसार चालतो. इतिहासकाळी पांढुर्णा हे सौंसर तहसिलीतील एक गाव होते. आता सौंसर हे पांढुर्णा जिल्ह्यातील तहसील ठिकाण झाले आहे. पांढुर्ण्याच्या लोकांचा छिंदवाड्याला घाट चढून जाण्याचा त्रास वाचला, हा उघड लाभ आहे. मात्र जिल्हा कार्यालये, न्यायालयीन कामे आणि रुग्णालय यांमुळे वाढणारी वर्दळ, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि घनकचरा यांचा भार मध्यम आकाराच्या या नगरपालिकेलाच पेलावा लागणार आहे. जिल्हा कागदावर एका दिवसात झाला. त्याला साजेसे शहर उभे करण्याचे काम पुढील काही वर्षांचे आहे.